जनीचे जाते आणि आजचे मनगट

परभणी-परळी लोहमार्गावरचे गंगाखेड हे गोदावरीच्या काठचे तालुक्याचे गाव. महाराष्ट्राला या गावाची ओळख आहे ती संत जनाबाईमुळे. नदीकाठी तिचे समाधी मंदिर आहे. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणीहून परळीकडे जाताना दरवर्षी याच गावातून पुढे सरकते, तेव्हा वारकऱ्यांच्या तोंडी जनीचेच नाव असते. आणि जनी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ते जाते. ज्ञानेश्वरांपुढे पोथी असते, तुकोबांच्या हाती वीणा असते, जनाबाईच्या हातात मात्र जात्याचा खुंटा असतो. आपल्या संतमंडळात कष्टाच्या अवजारासकट लोकांच्या मनात ठसलेल्या ज्या थोड्या मूर्ती आहेत, त्यांत ही एक आहे.

जनाबाईच्या भक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या हाताविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. वस्तुतः तिचे सारे आयुष्य हाताने उचलले, घासले, कांडले आणि दळले गेले. आज तिच्याकडे त्या बाजूने पाहायचे कारण असे की हाताचे दुखणे नव्या रूपाने आपल्या घरात आले आहे. तहसील कचेरीपासून सेवा केंद्रापर्यंत आणि बँकेपासून छापखान्यापर्यंत, तालुक्याच्या गावांतही आता दिवसभराचे काम एका मुठीएवढ्या माऊसवर चालते. संध्याकाळी मनगट ठणकते, कोपर धरते, रात्री बोटांना मुंग्या येतात. मग दुकानात जाऊन दुसरा माऊस पाहिला जातो. तिथे उभा, आडवा, गोळ्याचा, पेनासारखा असे दहा प्रकार पुढे येतात आणि माणूस गोंधळतो. यातला कोणता घ्यावा, या प्रश्नाला सातशे वर्षांपूर्वीच्या एका दासीच्या आयुष्यातून काही उत्तर मिळते का, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

गोदाकाठची पोर, पंढरीची दासी

जनाबाईचा जन्म तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गंगाखेडला झाला. वडिलांचे नाव दमा, आईचे करुंड. शूद्र गणलेले, हातावर पोट असलेले हे कुटुंब विठ्ठलाचे भक्त होते. जनी लहान असतानाच तिचे मायेचे छत्र गेले. आई गेली, बाप गेला, आता विठ्ठलानेच सांभाळावे, असे मागणे तिने पुढे आपल्या अभंगांतून मांडले आहे. ही पोरकी पोर पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी आली. दामाशेटी आणि गोणाई यांचे घराणे मूळचे नरसी बामणीचे, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यातले. त्यांच्या घरी इ.स. १२७० मध्ये नामदेव जन्मले. परंपरा सांगते की नामदेवांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्यांत जनी होती. ज्याला तिने वाढवले त्यालाच तिने पुढे गुरू मानले आणि आपल्या अभंगांच्या शेवटी स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशी करून दिली.

दासी हा शब्द भक्तीच्या भाषेत गोड वाटतो. व्यवहारात त्याचा अर्थ उजाडण्यापूर्वी उठणे आणि सगळे निजल्यावर निजणे असा होता. सडा घालायचा, झाडलोट करायची, केर टोपलीत भरून बाहेर नेऊन टाकायचा. चंद्रभागेवरून पाणी आणायचे, धुणे धुवायचे, रानात जाऊन शेणी वेचायच्या, साळी कांडायच्या, दळण दळायचे. जनाबाईच्या अभंगांत या कामांची यादीच सापडते. देव कुठे भेटतो, याचे तिचे उत्तर उखळापाशी, जात्यापाशी आणि पाणोठ्यावर असेच येते. नामदेव गाथेत तिच्या नावावरचे साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांतले कितीतरी हातातले काम न थांबवता सुचलेले वाटतात, कारण त्यांची लयच मुळी कामाची लय आहे.

पंधरा माणसांचे दळण

नामदेवांच्या घरात माणसे किती होती, हेही एका अभंगातून कळते. गोणाई आणि राजाई या सासूसुना, दामाशेटी आणि नामदेव हे बापलेक, नामदेवांचे चार मुलगे, त्यांच्या चार बायका, एक लेक, एक बहीण आणि या सगळ्यांच्या शेवटी जनी. म्हणजे पंधरा माणसे. माणशी अर्धा किलो पीठ धरले तरी रोजचे साडेसात किलो दळण झाले. त्यात पाहुणा आणि वारीला आलेला संतमेळा धरलेला नाही. हे सारे हाताच्या जात्यावर, पहाटेच्या अंधारात, दिवसाची बाकीची कामे सुरू होण्याआधी व्हायचे.

जाते ही वस्तू आता पुष्कळ घरांतून गेली असल्याने तिची रचना थोडी सांगितली पाहिजे. खालची तळी स्थिर, वरची फिरणारी. वरच्या तळीच्या मधल्या तोंडात मूठ मूठ वैरण घालायची. कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो आणि तो उभा असतो. ही उभी ठेवण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. खुंटा धरताना अंगठा वर राहतो आणि तळवा बाजूला वळतो. मनगट मुडपत नाही. दळणारी एक पाय पसरून, एक दुमडून बसते आणि फेरा मनगटाने न घेता खांद्याने आणि कमरेने घेते. शिवाय हात बदलता येतो. उजवा दमला की डावा खुंट्यावर जातो आणि उजव्याने वैरण घालायची. समोर दुसरी बाई बसली तर दोघींनी मिळून एकच खुंटा ओढायचा, म्हणजे अर्धा भार उतरतो. तळी घासून गुळगुळीत झाल्या की टाकी लावून त्या पुन्हा खरबरीत करून घ्यायच्या, नाहीतर जाते जड जाते आणि पीठही बारीक पडत नाही. सैल खुंटा ठोकून घट्ट करायचा. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केले, त्यांनी देहरचनेचे कोणतेही पुस्तक वाचले नव्हते. अवजार हाताशी कसे जुळवून घ्यावे, हे त्यांना दुखण्यानेच शिकवले होते.

अर्थात, जात्याची रचना शहाणपणाची होती म्हणून दळणे सुखाचे होते, असे मुळीच नाही. साडेसात किलोचे दळण चांगल्या खुंट्यानेही साडेसात किलोच राहते. तळहाताला घट्टे पडायचे, खांदे भरून यायचे, आणि कामाला खाडा नव्हता. जनाबाईच्या आयुष्यातला पेच नेमका इथे आहे. अवजार बरे होते. उसंत नव्हती आणि समोर बसायला दुसरी बाई नव्हती.

देवाच्या तळहातावरचे फोड

या रिकाम्या जागी विठ्ठल येऊन बसतो. जनीबरोबर दळणारा विठ्ठल महाराष्ट्राला इतका परिचयाचा आहे की त्यातले नवल आपल्याला जाणवेनासे झाले आहे. जगात देवाला सिंहासनावर, रथात, समाधीत पाहिले गेले. त्याला दासीच्या समोर जात्याला बसवणारी ही कल्पना फार धीट आहे. तो तिच्याबरोबर केर भरतो, पाणी वाहतो, शेणी वेचतो, तिची वेणीफणी करतो. महिपतींनी १७६२ साली भक्तविजय ग्रंथ पूर्ण केला, त्यात संतांच्या अशा आख्यायिका ओवीबद्ध झाल्या आणि कीर्तनकारांनी त्या घरोघरी नेल्या. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचे जाते म्हणून एक जाते भाविकांना दाखवतात. वारीला आलेली बाई त्या खुंट्याला हात लावल्याशिवाय परतत नाही.

काही आख्यायिका कालगणनेत बसत नाहीत. जनीच्या शेण्यांना कान लावला तर विठ्ठलनाम ऐकू येते, याचा पडताळा कबीरांनी घेतला, अशी एक कथा आहे. पण कबीर पंधराव्या शतकातले आणि जनाबाई चौदाव्या शतकातच निवर्तलेली. दुसरी कथा पदकाची. दळता दळता विठ्ठलाला जनीपाशी झोप लागते, काकडआरतीची वेळ होताच तो घाईने निघतो आणि आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून जातो. देवाचे पदक मात्र तिच्याकडे राहते. चोरीचा आळ दासीवर येतो, तिला सुळावर द्यायचे ठरते आणि सुळाचे पाणी होते. चमत्कार बाजूला ठेवला तरी त्या कथेतले समाजाचे चित्र खरे आहे. घरात वस्तू हरवली की संशय पहिल्यांदा कोणावर जातो, हे मोलकरणींना आजही सांगावे लागत नाही.

मात्र जनाबाईच्या अभंगांत कांडणाचे जे एक चित्र आहे, ते या साऱ्या आख्यायिकांपेक्षा मोठे वाटते. जनीने साळी कांडायला काढल्या आहेत आणि मुसळ विठ्ठलाने घेतले आहे. कांडता कांडता तो दमतो. अंगाला घाम सुटतो आणि पीतांबर भिजतो. तरी तो कोंडा पाखडतच राहतो. शेवटी त्याच्या हाताला फोड येतात. ते पाहून जनी त्याला मुसळ खाली ठेवायला सांगते.

या प्रसंगात भक्त देवाला थांबवते. फोड म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. अनेक वर्षे ते तिच्याच हातावर येऊन गेले होते आणि तेव्हा तिला थांब म्हणणारे कोणी नव्हते. ज्या बाईला स्वतःला कधी विसावा मिळाला नाही, तिने दुसऱ्याचा दुखरा हात पाहताक्षणी काम थांबवले. कष्टाविषयी इतकी नेमकी समज आपल्या वाङ्मयात फार क्वचित आढळते. देवाने आपल्या कामाचा शीण अनुभवावा आणि आपण त्याला सोडवावे, एवढी बरोबरी एका दासीने साधली. वारकरी पंथाने तिला ती बोलू दिली आणि लोकांनी ती सातशे वर्षे जपली.

शके १२७२ च्या, म्हणजे इ.स. १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवांबरोबरच जनाबाईने देह ठेवला, असे परंपरा मानते. जन्म गोदाकाठी, आयुष्य चंद्रभागेकाठी, आणि मधला सगळा काळ दुसऱ्याच्या घरात हात चालवण्यात गेलेला.

जाते गेले, मूठ राहिली

विसाव्या शतकात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्याची घरघर हळूहळू थांबली. बायकांचा हा भार उतरला, ते चांगलेच झाले. जात्याबरोबर ओव्याही जातील, या जाणिवेने हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत जनाबाई ठिकठिकाणी भेटते. दळणाऱ्या बायकांनी तिला संत म्हणून पूजले आणि जात्यावरची मैत्रीण म्हणून हाकही मारली.

हाताचे कष्ट मात्र संपले नाहीत. त्यांनी जागा बदलली. दळणाऱ्याचा हात दुखतो, हे कोणालाही पटते. लिहिणाऱ्याचा हात दुखतो, हे पटायला जगाला वेळ लागला. संतांचे अभंग कोणी लिहून घेतले, याची यादी जनाबाईच्याच एका अभंगात आहे. ज्ञानेश्वरांचे सच्चिदानंदबाबांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवाने, चोखोबांचे अनंत भटाने, आणि जनीचे खुद्द पांडुरंगाने, असे ती सांगते. तिचे हात कामात गुंतलेले, म्हणून लेखणी दुसऱ्याच्या हाती. या व्यवस्थेत लेखनिकाच्या हाताचा विचार कोणी केलेला नव्हता.

तो विचार इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने केला. निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांना कोणते रोग जडतात, यावर त्याने १७०० साली मोदेना येथे ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातले. त्याने कारणे तीन दिली: सतत बसून राहणे, हात एकाच दिशेने न थांबता चालवणे आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. आजच्या संगणकचालकालाही ही तिन्ही कारणे जशीच्या तशी लागू पडतात. त्याने एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. या गृहस्थाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला, म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. काही काळाने डाव्या हाताचीही तीच गत झाली. हात बदलला, काम तेवढेच राहिले. माऊस बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत लक्षात ठेवावी अशी आहे.

माऊसची गोष्ट त्यामानाने कालची. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस बनवला. तो लाकडी ठोकळा होता आणि त्याच्या पोटात दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १९८४ नंतर तो सर्वसामान्यांच्या टेबलावर येऊ लागला. पडद्यावर अधूनमधून बोट दाखवायला काढलेले हे साधन दिवसाचे आठ-दहा तास धरून बसण्याची वस्तू होईल, अशी तेव्हा कोणाची अपेक्षा नव्हती.

माऊस दुखवतो कसा?

आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठा वर ठेवून हात पुढे केला की ती शेजारीशेजारी राहतात. तळवा पालथा केला की त्यातले एक दुसऱ्यावर तिरके चढते. साधा माऊस धरताना हात असा पूर्ण पालथा राहतो. त्याखेरीज मनगट मागे मुडपते आणि करंगळीच्या बाजूला कलते, कारण की-बोर्डच्या उजवीकडची आकड्यांची पट्टी माऊसला अंगापासून दूर ढकलते. बोटे बटणावर सारखी टेकलेली राहतात आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्यांना तोलून धरतात. म्हणून दुखणे बहुधा हाताच्या पाठीवर आणि कोपरापाशी सुरू होते.

मनगटात तळव्याच्या बाजूला हाडांची आणि एका जाड पट्ट्याची अरुंद वाट असते. तीतून बोटे मिटणारे नऊ स्नायुबंध आणि एक मुख्य मज्जातंतू जातो. ही वाट दाटली की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो. मधुमेह, थायरॉईडची कमतरता आणि गरोदरपण यांनी तो वाढतो. मनगटाचे प्रत्येक दुखणे म्हणजे हा विकार नव्हे, आणि प्रत्येक वेळी दोष माऊसचाच असतो असेही नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार संगणकामुळे हा विकार जडण्याचा धोका मोठा दिसला नाही. मात्र माऊसचा वापर आठवड्याला ३० तासांच्या पुढे गेला की कोपराखालचा हात दुखू लागण्याचे प्रमाण वाढलेले आढळले.

कोणता माऊस घ्यावा?

दुकानात जाण्यापूर्वी दुखते कुठे, हे ठरवावे. हात पालथा ठेवून कोपराखाली पाठीकडचा भाग दुखत असेल, तर उभा माऊस वापरून पाहण्यासारखा आहे. त्यात मूठ जात्याच्या खुंट्यावर बसते तशी बसते. अंगठा वर राहतो, तळवा बाजूला वळतो, दोन हाडे एकमेकांवर चढत नाहीत आणि हालचाल मनगटाकडून कोपर-खांद्याकडे जाते. पहिले काही दिवस नेम चुकतो, काम मंदावते, म्हणून कामाची घाई असलेल्या आठवड्यात तो बदलू नये.

मात्र उभ्या माऊसकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. कार्पल टनेलच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की उभ्या माऊसने मनगटाचा कल सुधारला, पण त्या अरुंद वाटेतला दाब कमी झाला नाही. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातही, निराळ्या घडणीच्या माऊसला हात टेकवण्याच्या आधाराची जोड दिली तर मान-खांद्याची दुखणी कमी होण्याची शक्यता नोंदवली आहे. थोडक्यात, माऊस एकटा काम करत नाही. हाताखाली आधार हवा.

खांदा आणि दंड भरून येत असतील, किंवा टेबलावर जागाच नसेल, तर ट्रॅकबॉल पाहावा. त्यात यंत्र जागेवर स्थिर राहते आणि वरचा गोळा बोटांनी फिरवायचा असतो. ही कल्पना माऊसपेक्षा जुनी आहे. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास असे साधन बनले, तेव्हा त्यात चक्क खेळातला चेंडू बसवला होता. ट्रॅकबॉल घेताना एक काळजी घ्यावी. अंगठ्याने फिरवायचा गोळा सारा भार अंगठ्यावर टाकतो. अंगठ्याच्या मुळाशी आधीच कळ येत असेल, तर मधल्या बोटांनी फिरवायचा मोठा गोळा बरा.

तिसरी गोष्ट मापाची. चप्पल मापाने घेतो, माऊस मात्र कोणत्याही हाताला कोणताही चालतो, असे आपण मानतो. मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजावा आणि माऊस हातात धरून पाहावा. फार लहान असेल तर बोटे आखडून चिमटीत धरावा लागतो. फार मोठा असेल तर बटणापर्यंत पोहोचायला पंजा ताणावा लागतो. बायकांच्या हातात दिलेले पुष्कळ माऊस मोठे असतात. पंजा सैल ठेवून तळवा पूर्ण टेकला, बटण हलक्या दाबाने उतरले, तर माप जुळले असे समजावे. डाव्या हाताने काम करणाऱ्याने दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊस घ्यावा; बहुतेक उभे माऊस उजव्या हाताचेच असतात.

काही उपायांना पैसे पडत नाहीत. संगणकाच्या मांडणीत जाऊन बाणाची गती वाढवली की हात कमी सरकवावा लागतो. बटणांची अदलाबदल करून दिवसातला काही वेळ डाव्या हाताने माऊस चालवता येतो. आकड्यांचे काम नसेल तर ती पट्टी नसलेला आखूड की-बोर्ड घेतला म्हणजे माऊस अंगाजवळ येतो. टेबल उंच असेल तर खुर्चीवर उशी घ्यावी आणि पायांखाली पाट ठेवावा, म्हणजे कोपर काटकोनाच्या आसपास राहते. टेबलाच्या धारेवर मनगट टेकवून काम करू नये. खालचा कागद किंवा गादी खराब होऊन माऊस अडखळत असेल तर ती बदलावी. जात्याला टाकी लावण्यासारखेच ते आहे. मराठीत बोलून मजकूर उमटवण्याची सोय आता साध्या फोनमध्येही आहे. लांबलचक मजकुराचा भार त्या मार्गाने हातावरून उतरू शकतो.

रात्री झोपमोड करणाऱ्या मुंग्या, हातातून भांडे निसटणे, अंगठ्याच्या मुळाचे मांस ओसरणे, ही लक्षणे असतील तर दुकानात न जाता आधी डॉक्टरकडे जावे. मज्जातंतूवरचा दाब फार दिवस राहिला तर बळ परत येणे अवघड होते.

मुसळ कोण खाली ठेवायला सांगणार?

या साऱ्या निवडीनंतरही रामाझ्झिनीचा तो लेखनिक आपली पाठ सोडत नाही. सेवा केंद्रात अर्जामागे पैसे मिळवणारी मुलगी दाखल्यांच्या दिवसांत जेवायलाही उठत नाही. रांगेतले लोक तिच्या हाताकडे पाहत नाहीत, पडद्याकडे पाहतात. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच मनगटाने कणीक तिंबायची, धुणे पिळायचे आणि पोळ्या लाटायच्या असतात. कचेरीतला माऊस उभा झाला आणि घरचे पिळणे तसेच राहिले, तर दुखणे अर्धेच हटेल. घरातल्या दुसऱ्या कोणी धुणे पिळले, तर त्याचा गुण कोणत्याही महागड्या माऊसपेक्षा मोठा ठरेल.

कचेऱ्यांनीही हे आपले काम मानले पाहिजे. कारकुनाचे मनगट दुखले की माऊस त्याने स्वतःच्या पगारातून आणावा, अशी आपल्याकडची रीत आहे. एक चांगला माऊस, हाताला आधार देणारी खुर्ची आणि तासाभराने पाच मिनिटे उठण्याची मुभा यांचा खर्च एका माणसाच्या आठवड्याच्या रजेपेक्षा जास्त होत नाही. ही मुभा मागायची लाज वाटते, हीच खरी अडचण आहे. हात दुखतो म्हणणाऱ्याला कामचुकार ठरवण्याची सवय जुनी आहे.

जनाबाईने भागवत धर्माला काय दिले, याची उत्तरे अभ्यासक देतील. कष्टाच्या जगाला तिने दोन गोष्टी दिल्या. पहिली, एका खुंट्यावर दुसरा हात पडला पाहिजे. काम वाटून घेतल्याशिवाय भार हलका होत नाही. दुसरी, ज्याच्या हाताला फोड आले आहेत, त्याला दुसऱ्याने थांब म्हटले पाहिजे. कारण दुखणारा माणूस स्वतःहून बहुधा थांबत नाही. माऊस जरूर निवडून घ्यावा, हात मोजून आणि वापरून घ्यावा. पण तो हातात देताना शेजारच्या टेबलावरचे मनगटही पाहावे. गंगाखेडच्या जनीने देवाच्या बाबतीत जे केले, ते माणसांच्या बाबतीत करणे आपल्याला अवघड जाऊ नये.